चौकटीत शब्द पाहिजे

ह्या विषयावर लिहीन लिहीन म्हणता म्हणता बरेच शनिवार गेले. विषय ऐकायला अगदीच किरकोळ आहे. मार्कडाउनमध्ये लिहिलेल्या मजकुराचं वेबपान करताना मधे मधे ज्या रंगीत चौकटी टाकतात ना... फिकट निळी, पिवळी, लाल, डावीकडे जाड पट्टी, कोपऱ्यात बल्ब नाहीतर उद्गारचिन्ह... त्या चौकटी. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी त्या केल्या असतील, आणि उरलेल्यांनी रोज वाचल्या असतील (किंवा न वाचता खाली सरकवल्या असतील!).

माझं म्हणणं असं की ह्या चौकटी आपण सरसकट चुकीच्या बनवतोय. चौकटीचा अर्थ आपण रंगात भरून ठेवलाय, आणि रंग हा मजकुराचा सगळ्यात आधी गळून पडणारा भाग आहे. सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये हे खपून जातं. फार तर कुणीतरी चुकीची कमांड देईल, डेटाबेस उडेल, बॅकअप असेल. हायड्रॉलिक प्रेसच्या मॅन्युअलमध्ये खपत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी, ज्यांचा ह्या भानगडीशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी. मार्कडाउन जॉन ग्रुबरनं २००४ साली काढलं, ॲरन स्वार्ट्झची त्यात मदत होती. कल्पना छान होती. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असं लिहायचं की ते नुसतं वाचलं तरी वाचता यावं, खुणा डोळ्यांत खुपू नयेत, आणि एक छोटा प्रोग्रॅम चालवला की त्याचं एचटीएमएल व्हावं. ठळक करायला दोन्ही बाजूंना दोन चांदण्या, ईमेलमध्ये उत्तर देताना जुना मजकूर जसा > लावून दाखवायचो तसाच उताऱ्यासाठी >. बस. त्यात चौकट नव्हती. ग्रुबर ब्लॉग लिहिणारा माणूस, त्याला चौकटीची गरज पडली नसावी.

ज्यांना गरज पडली त्यांच्यासाठी पळवाट होती: मधेच सरळ एचटीएमएल लिहा. म्हणजे डिव्ह उघडायचा, त्याला क्लास द्यायचा, आत मजकूर लिहायचा. आता गंमत बघा. ग्रुबरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये डिव्हच्या आतल्या मार्कडाउनला कुणी हात लावत नाही, चांदण्या चांदण्याच राहतात. २०१४ साली कॉमनमार्क नावाचं प्रमाणीकरण आलं, त्यात डिव्हच्या ओळीनंतर एक रिकामी ओळ सोडली तर आतल्या मजकुराचं रूपांतर होतं, नाही सोडली तर होत नाही. म्हणजे एकच फाइल, दोन प्रोग्रॅम, दोन निकाल. आणि हे सगळं एका रिकाम्या ओळीवर! मराठीत लिहिणाऱ्या, प्रोग्रॅमर नसलेल्या माणसाला हे समजावून सांगा बरं. मी सांगून पाहिलंय. तो माणूस शेवटी "तुम्हीच करा ना साहेब" म्हणतो आणि त्याचं काही चुकत नाही.

मग प्रत्येकानं आपापली खूण काढली. पायथन-मार्कडाउनवाल्यांनी तीन उद्गारचिन्हं घेतली आणि खालचा मजकूर चार स्पेस आत सरकवायला सांगितला. पॅनडॉकनं २०१७ मध्ये तीन कोलन घेतले. गिटहबनं डिसेंबर २०२३ मध्ये उताऱ्याच्याच > चिन्हावर स्वार होऊन चौकोनी कंसात नाव लिहायची पद्धत आणली. ह्या सगळ्यांचा थोरला भाऊ म्हणजे पायथनवाल्यांचं रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट. त्यात पहिल्यापासून अशा नऊ प्रकारच्या चौकटी आहेत. नऊ! त्यातला 'हिंट' आणि 'टिप' ह्यांच्यातला फरक मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.

कुठली खूण चांगली ह्यावर लोक रात्र रात्र भांडतात. मला त्या भांडणात रस नाही. माझा प्रश्न एवढाच असतो: हा प्रोग्रॅम नसेल तेव्हा काय उरतं?

तीन उद्गारचिन्हांचं घ्या. ज्या प्रोग्रॅमला ती खूण माहीत नाही तो पहिली ओळ आणि खालचा परिच्छेद एकत्र चिकटवतो. चौकटीत दुसरा परिच्छेद असेल तर तो चार स्पेस आत असल्यामुळे त्याला प्रोग्रॅमचा कोड समजून टाइपरायटरच्या अक्षरात छापतो. त्या अक्षरातली ओळ मोडत नाही. लांब मराठी वाक्य पानाच्या उजव्या कडेबाहेर जातं आणि छापल्यावर कापलं जातं. वाक्य "...दाब शून्य झाल्याशिवाय" इथं तुटलं तर पुढं काय करू नये हे वाचणाऱ्यानं मनानंच ठरवायचं.

हे उदाहरण मनाचं नाही. नागपूरच्या पश्चिमेला हिंगण्याची एमआयडीसी आहे. महिंद्राचा ट्रॅक्टरचा कारखाना तिथलाच, पण त्याच्या आजूबाजूला शेडमध्ये चालणारी शेकडो छोटी-मध्यम युनिटं आहेत. पत्रा कापणारी, दाबणारी, वाकवणारी. त्यातल्या एका युनिटच्या (नाव जाऊ द्या) मशिनची मॅन्युअलं मी गेलं वर्षभर सांभाळतोय. इंग्रजी, मराठी आणि हिंदी तिन्ही एका जागी राहावीत, एकात बदल केला की दुसऱ्यात राहिला हे दिसावं म्हणून सगळं मार्कडाउनमध्ये आणलेलं. वेबपानाचा साचा आधीच एका एजन्सीनं करून दिला होता. दिसायला एकदम झकास! मालकाच्या केबिनमधल्या टॅबवर पाहिलं की कुणीही खूश होईल. लाल चौकट, पिवळी चौकट, हिरवी चौकट, गोल कोपरे, हलकीशी सावली.

पण शॉप फ्लोअरवर टॅब नसतो. तिथं हाताला ग्रीस असतं. तिथं असतो तो प्रिंटआउट, त्याची झेरॉक्स, आणि त्या झेरॉक्सचं लॅमिनेशन करून मशिनच्या बाजूला तारेनं बांधलेलं पान. आणि ब्राउझर पान छापताना मागचे रंग सहसा छापत नाही; शाई वाचावी म्हणून ते 'बॅकग्राउंड ग्राफिक्स' मुद्दाम टिक करावं लागतं. साच्यात लाल रंग हा बॅकग्राउंड होता. उद्गारचिन्हाचं चित्र हेही बॅकग्राउंड होतं. 'धोका' हा शब्द कुठंच नव्हता, कारण लाल दिसतंय ना, मग शब्द कशाला!

कागदावर काय आलं? एक साधा परिच्छेद. त्याच्या वर एक साधा परिच्छेद, खाली एक साधा परिच्छेद. मधला असा होता की डाय बदलण्याआधी मेन स्विच बंद करून कुलूप लावा, रॅमखाली ठोकळा ठेवा, आणि ॲक्युम्युलेटरमधला दाब शून्य झाल्याशिवाय हात आत घालू नका. (हायड्रॉलिक प्रेसची ही मोठी फसवी गोष्ट आहे. वीज बंद केली म्हणजे मशिन मेलं असं नसतं. ॲक्युम्युलेटरमध्ये दाब साठलेला असतो आणि रॅम स्वतःच्या वजनानंही हळूहळू खाली येऊ शकतो.) वरच्या परिच्छेदात ग्रीस कुठलं वापरायचं ते होतं, खालच्यात पाना किती नंबरचा लागतो ते. तिघांची इज्जत सारखीच.

तिथल्या फिटरला मी म्हटलं, भाऊ, ही लाल चौकट आहे, ती आधी वाचायची असते. त्यानं लॅमिनेट केलेलं पान माझ्यासमोर धरलं. "काऊन साहेब, इथं कुठं लाल आहे? आमच्याकडं तर सगळं सारखंच निघून राह्यलं." आता बोला!

एजन्सीला विचारलं तर उत्तर आलं की प्रिंट हा आमच्या 'स्कोप'मध्ये नव्हता. असो.

तुम्ही म्हणाल, ही त्या एका एजन्सीची चूक झाली, त्यात अख्ख्या जगाला कशाला झोडता? कारण ही चूक सगळीकडे तशीच्या तशी आहे. वेबपानं सगळ्यांना वापरता यावीत ह्यासाठी जी जागतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांच्या २००८ च्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलं होतं की माहिती पोचवायला केवळ रंग हे एकमेव साधन असता कामा नये. ते आजच्या आवृत्तीतही आहे. आपण ते 'रंगांधळ्यांसाठीचा नियम' म्हणून फाइल करून टाकलं. रंगांधळे सोडा, झेरॉक्स मशिन रंगांधळं आहे, ब्राउझरचा रीडर मोड रंगांधळा आहे, आणि व्हॉट्सॲप तर ठार रंगांधळं आहे. चौकट निवडून कॉपी करा आणि कारखान्याच्या ग्रुपवर पेस्ट करा. काय जातं? नुसती अक्षरं. काही हुशार लोक 'सावधान' हा शब्द सीएसएसमधून आणतात, म्हणजे तो मजकुरात नसतोच, ब्राउझर तो वरून चिकटवतो. तो छापला जातो, पण कॉपी होत नाही. स्क्रीनवर मस्त, ग्रुपवर गायब.

ह्यापेक्षा चांगली चौकट आपल्याकडे केव्हाची आहे आणि ती तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरवर लावलेली धोक्याची पाटी. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतल्या ३५ व्या नियमात तिचं सगळं वर्णन होतं: सूचना हिंदी किंवा इंग्रजीत आणि शिवाय त्या जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत असावी, कायमची लावलेली असावी, ठळक जागी असावी, आणि कवटी व हाडांची खूण असावी. कवटी कशी काढायची ह्याचंसुद्धा भारतीय मानक आहे, आयएस २५५१. तांबडा रंगही पाटीवर असतो. पण रंग उन्हानं उडाला, वरून नेत्याच्या वाढदिवसाचं पोस्टर अर्धं चिकटवलं, तरी 'धोका', कवटी आणि व्होल्टचा आकडा ह्यांतलं एखादं तरी शिल्लक राहतं. तीन वेगवेगळ्या वाटांनी एकच गोष्ट सांगितलेली आहे. १९५६ साली कुणाला तरी हे सुचलं होतं, आणि आपण इतक्या वर्षांनी एका बॅकग्राउंड-कलरवर सगळी भिस्त ठेवतोय.

आता भाषेकडे येतो, कारण माझा खरा राग तिथं आहे.

१९४८ च्या कारखाने कायद्यात १०८ वं कलम होतं. कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत हव्यात असं त्यात म्हटलं होतं. (मराठीच असं नाही हं. हिंगण्यातल्या काही शेडमध्ये ती भाषा हिंदी असेल, आणि तसं असेल तर हिंदीच पाहिजे. ह्यात अस्मितेचा प्रश्न नाही, बोटांचा आहे.) कायद्याला १९४८ मध्ये जे कळलं होतं ते आपल्या प्रोग्रॅमांना कळलेलं नाही. गिटहबच्या पाच चौकटींची नावं इंग्रजीत पक्की आहेत. आतला मजकूर अख्खा मराठी, वर शीर्षक मात्र 'वॉर्निंग', तेही रोमन लिपीत. पायथन-मार्कडाउनमध्ये शीर्षक दिलं नाही तर तो चौकटीच्या प्रकाराचंच नाव पहिलं अक्षर मोठं करून शीर्षक म्हणून लावतो. पुन्हा इंग्रजी.

मग मी म्हटलं, प्रकाराचं नावच मराठीत देऊ. तीन उद्गारचिन्हं आणि पुढे 'धोका'. सीएसएसची ह्याला काही हरकत नसते, क्लासचं नाव देवनागरीत चालतं. चालवून पाहिलं. चौकट झालीच नाही, उद्गारचिन्हं जशीच्या तशी पानावर. 'टीप' लिहिलं, नाही. 'सूचना', नाही. 'सावधान', नाही. आणि 'मदत' लिहिलं तर... झाली! अगदी व्यवस्थित चौकट, वर 'मदत' असं शीर्षक. 'गरज' लिहिलं, तीही झाली.

कोडं सुटलं का? 'मदत' आणि 'गरज' ह्या शब्दांना काना-मात्रा-वेलांटी काही नाही. खूण ओळखणारा नमुना 'शब्दात बसणारी अक्षरं' शोधतो, आणि पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या मते काना हे शब्दात बसणारं अक्षरच नाही. वेलांटी नाही, उकार नाही, हलन्त नाही. त्याच्या लेखी 'धोका' म्हणजे ध, मग काहीतरी कचरा, मग क, मग पुन्हा कचरा. हे आजचं नाही. पायथनच्या बगांच्या यादीत २००७ साली नेमकी हीच तक्रार नोंदवली गेली होती, देवनागरीचेच शब्द तुकडे तुकडे होतात म्हणून. वेगळी बसवायची एक लायब्ररी आहे, तिच्यात हे नीट चालतं. पण पायथनबरोबर येणाऱ्या मूळ मोड्यूलमध्ये आपला काना अजून शब्दाबाहेरच उभा आहे.

जर्मन माणसाला हा त्रास नाही. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये खुणांची नावं आपापल्या भाषेत ठेवायची सोय आहे आणि जर्मन त्यात 'आख्टुंग' लिहून मोकळा होतो. आणि आपण? आपल्यातले हजारो लोक हिंजवडीत आणि मिहानमध्ये बसून ह्याच लायब्ऱ्या रोज वापरतो. चौकटीत इंग्रजी शब्द आला तर आपल्याला खटकतसुद्धा नाही. खटकत नाही हीच गोष्ट मला जास्त खटकते.

"पण कामगारालाही वॉर्निंग आणि डेंजर कळतं की!" हा आक्षेप मला दर वेळी ऐकायला मिळतो. बरोबर आहे, बोलताना कळतं. तो स्वतःही 'डेंजर काम हाय' म्हणतो. पण कानाला कळणं आणि रोमन लिपीत छापलेलं, मशिन चालू असताना, सहा फुटांवरून वाचून कळणं ह्यात फरक आहे. देवनागरीत 'डेंजर' लिहा, माझी काही तक्रार नाही. शब्द शुद्ध मराठी असलाच पाहिजे असा माझा हट्ट नाही. वाचता आला पाहिजे.

आणि ज्यांना इंग्रजी शब्द नीट येतात त्यांचीही पंचाईत आहेच. अमेरिकन मानकात, एएनएसआय झेड ५३५ मध्ये, चढती-उतरती भाजणी ठरलेली आहे. डेंजर म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच. वॉर्निंग म्हणजे होऊ शकते. कॉशन म्हणजे किरकोळ ते मध्यम इजा. नोटिस म्हणजे माणसाला काही नाही, वस्तूचं नुकसान. मशिनची मॅन्युअलं लिहिणारे लोक ह्या हिशेबानं लिहितात. गिटहबवर मात्र वॉर्निंग पिवळी आहे आणि कॉशन लाल! म्हणजे तिथं कॉशन वरचढ. मशिनवाल्यांच्या फाइलीतला मजकूर उचलून तिथं टाकला की बोट जाऊ शकतं ती चौकट पिवळी होते आणि बोट खरचटेल ती लाल. सॉफ्टवेअरवाल्यांनी दुसऱ्या धंद्यातले शब्द उसने घेतले, घेताना त्यांचा अर्थ मात्र तिकडेच राहिला.

आता थोडं आपल्याकडे, म्हणजे चौकटी वापरणाऱ्यांकडे. चौकट सोपी झाली की माणूस सुटतो. मी असं एक पान पाहिलंय ज्यात नऊ परिच्छेद होते आणि सात चौकटीत होते. तिथं चौकटीबाहेर राहिलेले दोनच उठून दिसत होते. मराठी वर्तमानपत्रात उपसंपादकाला विचारा, चौकट म्हणजे काय. मोठ्या बातमीला एखादी चौकट, तीही बातमी न वाचता समजली पाहिजे. बालभारतीची अलीकडची पुस्तकं उघडा. 'करून पहा', 'सांगा पाहू', 'जरा डोके चालवा', 'हे नेहमी लक्षात ठेवा'. पाचवीच्या पोराला शीर्षक वाचूनच कळतं की इथं आपण काय करायचंय. 'नोट' वाचून मला काय करायचंय ते कळत नाही. नोट म्हणजे काय, हे महत्त्वाचं आहे की बिनमहत्त्वाचं? लिहिणाऱ्याला मजकूर कुठं घालावा सुचलं नाही की तो नोट होतो, असा माझा अनुभव आहे :)

एचटीएमएलचंही तेच. बरेच साचे चौकटीसाठी 'असाइड' नावाचा टॅग वापरतात. त्या टॅगचा अर्थच मुळी आजूबाजूच्या मजकुराशी लांबून संबंध असलेली गोष्ट असा आहे. जाता जाता सांगायची, वगळली तरी चालेल अशी. बातमीतल्या चौकटीला तो शोभतो. दाब शून्य झाल्याशिवाय हात घालू नका, ही जाता जाता सांगायची गोष्ट आहे का?

आणि जागा! मोठ्या स्क्रीनवर चौकट उजवीकडे, पायरी क्रमांक ४ च्या शेजारी छान बसते. मोबाइलवर तीच चौकट घसरून पायरीच्या खाली जाते. म्हणजे आधी "डाय बाहेर ओढा" आणि मग "ओढण्याआधी हे करा". धोका हा पायरीच्या आधीच आला पाहिजे, फाइलमध्येही आणि पानावरही. त्याला बाजूला तरंगवू नका.

तर मी काय केलं ते सांगतो, कारण नुसतं ओरडून उपयोग नाही.

नवी खूण काढली नाही. साधा उतारा घेतला, जो २००४ पासून प्रत्येक मार्कडाउनला येतो, आणि त्याच्या सुरुवातीला ठळक शब्द:

> धोका: ॲक्युम्युलेटरमधला दाब शून्य झाल्याशिवाय हात आत घालू नका.

संपलं. फाइल उघडून नुसती वाचली तरी धोका दिसतो. कुठल्याही प्रोग्रॅममधून काढली तरी उतारा आणि ठळक शब्द येतो. व्हॉट्सॲपवर टाकली तरी शब्द बरोबर जातो. स्क्रीन-रीडर लावून ऐकणाऱ्यालाही पहिला शब्द 'धोका' हाच ऐकू येतो.

रंग नंतर. पॅनडॉकला एक वीसेक ओळींचा लुआ फिल्टर जोडला. तो प्रत्येक उताऱ्याचा पहिला ठळक शब्द बघतो. ठरलेल्या यादीतला असला तर भोवती डिव्ह घालून क्लास देतो. मग सीएसएसमध्ये हवा तो लाल लावा, कवटी लावा, एजन्सीला बोलावून सावली द्या. बाकी तीन गोष्टी पाळल्या. चौकटीला चारी बाजूंनी बॉर्डर, कारण बॉर्डर बॅकग्राउंडसारखी छपाईत गळत नाही. छापताना चौकट दोन पानांत तुटू नये म्हणून एक ओळ. आणि शब्द यादीत नसला तर फिल्टर गप्प बसत नाही, पान तयार करायचंच थांबवतो आणि कुठल्या फाइलीत काय सापडलं ते सांगतो. हे शेवटचं फार कामाला येतं. पहिल्याच दिवशी त्यानं 'सुचना' पकडलं, ऱ्हस्व सु. सरकारी कचेऱ्यांपासून सोसायटीच्या लिफ्टपर्यंत सगळीकडे 'सुचना' असते, माझ्या फाइलीत अकरा निघाल्या. प्रोग्रॅमला माफ करायला शिकवावं की माणसाला दीर्घ ऊ काढायला लावावं ह्यावर मी जरा विचार केला आणि ऊ काढायला लावला.

ज्यांना पायथन-मार्कडाउन सोडता येत नाही त्यांनी प्रकार इंग्रजीत ठेवावा आणि अवतरणचिन्हात मराठी शीर्षक द्यावं. अवतरणातल्या मजकुराला काना-मात्रेची अडचण येत नाही. शीर्षक विसरलं तर पान तयार होऊ देऊ नका, एवढी एक तपासणी लावा.

यादीत शब्द तीनच ठेवले. चार का नाहीत, तर डेंजर आणि वॉर्निंग ह्यांच्यातला 'होईलच' आणि 'होऊ शकेल' हा फरक मॅन्युअल लिहिणाऱ्याच्या वकिलाला कामाचा आहे. मशिनसमोरच्या माणसानं दोन्ही वेळा थांबायचंच असतं. (परदेशी जाणाऱ्या मशिनच्या इंग्रजी मॅन्युअलला चार लागतात, तिथं चार आहेत.) जीव किंवा अवयव जाऊ शकतो तिथं 'धोका'. मशिनचं किंवा मालाचं नुकसान होईल तिथं 'सूचना'. मधल्यासाठी, म्हणजे चटका बसेल, बोट चेमटेल, घसरून पडाल, त्यासाठी मी 'खबरदारी' लिहिलं होतं. मालकांनी 'सावधानता' सुचवलं, ऑफिसातल्या एका बाईंनी 'दक्षता'. तिन्ही शब्द कागदावर लिहून मी परत शॉप फ्लोअरवर गेलो आणि त्याच फिटरला विचारलं की नवीन पोरगा गरम पत्र्याजवळ गेला तर तुम्ही ह्यातलं काय ओरडता?

"ह्यातलं काहीच नाही जी," तो म्हणाला. "सांभाळून म्हणतो."

फिल्टरच्या यादीत आता 'सांभाळून' आहे. ऑफिसातून त्यावर आक्षेप आला, शब्द फारच बोली आहे म्हणून. मी ती ओळ बदललेली नाही.